पंधरा गुंड्या

मंजू, तू नुसतं ऐक. मधी एक शब्द बोलू नको. चहा गार झाला तर दुसरा सांगू, पण हे कोणाला तरी सांगितल्याबिगर माझं आज लेक्चरला मन लागायचं न्हाई.

आमच्या अश्वजितदादाचा परदेशात अपघात झाला, दोन्ही पाय मोडले, असं म्या तुला मागच्या वर्षी सांगितलं होतं ना? मी महिनाभर कॉलेजला आले न्हाई, तू माझी जर्नलं लिहिलीस? ते खोटं होतं. अपघात-बिपघात काय न्हाई. दादानं सवताचे पाय सवताच्या खुशीनं मोडून घेतले. इस्तंबूलला जाऊन. उंची वाढवायला.

हां, असंच तोंड म्या बी केलतं.

आता दादाची आधीची उंची तुला माहितीच हाय. पाच फूट साडेतीन इंच. पप्पा रेल्वेत गँगमन होते, दारातून येताना मान वाकवायचे, आन् दादा गेला मायवर. पप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. माय शिवणकाम करती, आख्ख्या गल्लीचे ब्लाउज आमच्याच घरात शिवतात. आन् तिची एक सवय सांगते, ती ध्यानात ठेव. दुकानातली पॅन्ट दादाला कायम लांब व्हायची. दुसरा टेलर असता तर खालचं कापड कापून फेकलं असतं. माय कापायची न्हाई. दोन इंच आत दुमडायची आन् हातानं टाके घालायची. दादा चौदाचा होता तव्हा म्हणायची, "राहू दे, वाढंल लेकरू." एकोणतीसचा झाला तरी घडी आतच. दादा चिडायचा, "माय, आता तरी काप की!" माय म्हणायची, "तुला काय आडवं येऊन राहिलं का ते?"

मंग दोन वर्षांमागं लातूरला आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता. मी, माय आन् दादा, तिघं गेलो. दादानं निळा शर्ट घातलता, लई छान दिसून राहिलता. त्याचं नाव पुकारलं. त्याच्या आधीचा पोरगा चांगला उंच होता, त्याच्या मापाचा माईक तसाच वर राहिला. दादा जाऊन उभा राहिला तर माईक त्याच्या कपाळाला. आन् निवेदन करणारा माणूस दुसऱ्या माईकमधून काय म्हणावा? "अहो, माईक खाली घ्या रे कोणीतरी, नवरदेव सापडंना!"

आख्खा हॉल हसला. मंजू, वाईट माणसं नव्हती गं ती. सहज हसली. दादा बी हसला. मंग त्यानं शिक्षण सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, सगळं सांगितलं, पण कोणी ऐकलंच न्हाई, लोक अजून हसूनच राहिलते. येताना एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. लोह्याला गाडी थांबली, मायनं भजे आणले, त्यानं हात लावला न्हाई. तो चिडला असता, रडला असता तर बरं झालं असतं. गप बसला ना, त्याचं मला भ्या वाटलं.

त्याच्यानंतर वर्षभर तो मोबाईलमधी काय वाचायचा कोण जाणे. आन् एक दिवस मला गच्चीवर नेलं आन् सांगितलं. पायाचं हाड मधोमध कापतात. दोन्ही पायांचं. आत एक सळई घालतात, बाहेरून एक दांडी लावतात. त्या दांडीला स्क्रू असतो. तो दिवसातून चारदा पाव-पाव फिरवायचा. चार पाव म्हणजे एक चक्कर, एक चक्कर म्हणजे एक मिलिमीटर. दोन तुकड्यांच्या मधी जी फट पडती तिच्यात नवं हाड भरून येतं. असे पासष्ट दिवस. साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे साडेपाच फूट.

म्या म्हणलं, "दादा, तू येडा झालास का?"

तो म्हणला, "लुंबे, साडेपाच फूट. जास्त न्हाई मागत मी."

त्या 'मागत'वर मी 'हाव' म्हणून बसले बघ.

सात वर्षं कंपनीत राबून साठवलेले पैसे होते त्याच्याकडं. संगं एक माणूस पाहिजे होतं दवाखान्यात, ते म्हणजे मी. मायला सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग हाय. माय म्हणली, "आन् ही कोणत्या कंपनीची?" दादा म्हणला, "घरातलं एक माणूस नेता येतं." मायनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी बॅग भरायला पळाले.

इस्तंबूलचं काय सांगू तुला. लोक विचारतात बघितलं काय-काय, म्या बघितलं दवाखान्याचा तिसरा मजला आन् खालची मांजरं. रस्त्यावर मांजरंच मांजरं, पोसलेली, कोणाला भीत न्हाईत. त्या मजल्यावर नुसते पोरं. ब्राझीलचा, केनियाचा, आपल्याकडचा एक लुधियान्याचा. सगळे वॉकर धरून इंच-इंच चालून राहिलेले. कोणी कोणाला नाव विचारायचं न्हाई. विचारायचे काय, "किती सेंटिमीटर?" ऑपरेशन झालं त्या दिवशी दादाला बाहेर आणलं तर त्याच्या ओठाला रक्त नव्हतं. शुद्धीवर आला आन् पहिला शब्द काय काढावा? "माय." परदेशात, त्या नर्सबाईला काय कळणार. ती मला विचारती, पाणी पाहिजे का त्याला?

मायचा व्हिडिओ कॉल यायचा. दादा शर्टाची वरची गुंडी लावून, केस विंचरून, छातीपर्यंतच दिसायचा. एक दिवस माय म्हणली, "अशू, तुझ्या मागं सलाईनचा खांब कामून हाय रे?" दादा म्हणला, "माय, इथं त्याच्यावर कपडे वाळू घालतात." माय म्हणली, "बरं." एवढंच. पण फोन ठेवला न्हाई लवकर, बघत बसली.

पंचवीस दिवसांनी परत निघालो तव्हा अठरा मिलिमीटर झालते. विमानानं हैदराबाद, तिथून गाडी करून नांदेड. दाराशी गाडी थांबली. मी आन् ड्रायव्हरनं मिळून दादाला खुर्चीत बसवलं. माय पायरीवर उभी. म्या पांघरूण टाकलतं त्याच्या पायावर, ती आली आन् सरळ ते उचललं. दांड्या, स्क्रू, कातडीत शिरलेल्या सळ्या. मला वाटलं आता ओरडती. ती खाली बसली, त्याचा पाय गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कापड चाचपतात तसा चाचपला आन् एवढंच म्हणली,

"म्या शिवलेलं तुला कमी पडलं का रे, बाळा?"

दादा रडायलाच लागला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली न्हाई. पण त्या दोन दिवसांत मशीन चालूच. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या मांडीवर चार पायजमे ठेवले. दोन्ही बाजूनं उघडे, बाजूला नाड्या, दांड्या बाहेर राहतील असे. इस्तंबूलला कोणाला सुचलं नव्हतं हे, तिथं सगळी पोरं चड्डीवरच हिंडायची.

शेजारच्या जगदेवीकाकू बघायला आल्या. "अगं बाई, अपघात म्हणतेस, आन् दोन्ही पाय एकाच जागी कसे मोडले गं पंचफुला?" माय सुईत दोरा ओवता ओवता म्हणली, "गाडी अगदी समोरून आली हो." मला हसू आवरंना, स्वैपाकघरात पळाले.

आता नीट ऐक. सकाळी सहाची, संध्याकाळी सहाची आन् झोपताना दहाची पाव चक्कर मी फिरवायची. दुपारी बाराला मी कॉलेजात, म्हणून ती मायकडं. म्याच शिकवलं तिला. हा पाना, हा स्क्रू, हा बाण. स्क्रूवर एक पांढरा ठिपका हाय, तो असा सरकला की टक आवाज येतो. "आन् माय, उलटं फिरवायचं न्हाई हां, उलटं फिरवलं की फट बारीक होती." बघ, उलटं कसं फिरतं हे बी म्याच सांगितलं! कॅलेंडरवर खुणा करायचो, रोज चार. दादा सवता फिरवत नव्हता. म्हणायचा, मी फिरवलं की मला दुखायच्या आधीच दुखतं.

चाळीस मिलिमीटरच्या पुढं त्याचे हाल सुरू झाले. पोटऱ्या वीणेच्या तारेवानी ताणलेल्या. टाच खाली टेकंना. मी टॉवेल लावून पंजा ओढायची, तो उशी चावायचा. काही दिवस जेवायचा, काही दिवस ताट तसंच मागं सारायचा. गोळीनं दुपारचा झोपायचा, झोपेत बी कण्हायचा. पण म्या "थांबायचं का?" म्हणलं की डोळे वटारायचा. "किती राहिले?" "बावीस." "मंग? फिरव."

एका गुरुवारी आपलं प्रॅक्टिकल रद्द झालं होतं, आठवतं? मी अडीचलाच घरी गेले. दार ढकललं. दादा तोंड उघडं टाकून झोपलेला, बाजूला ताट तसंच झाकलेलं. आन् माय खाली बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पाना. टक. टक. टक. टक. म्हणलं बाराची फिरवून राहिली का आत्ता? पण चार? आन् मंग म्या बाण बघितला.

मंजू, ती उलटं फिरवून राहिलती.

उजवा झाला, मंग डावा. पुरी चक्कर, म्हणजे पांढरा ठिपका होता तिथंच येऊन थांबला. मला कधी कळणारच नव्हतं. मंग तिनं पदरातून एक गुंडी काढली, साधी शर्टाची पांढरी गुंडी, आन् पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकली.

म्या तिला हाताला धरून स्वैपाकघरात नेलं. ओरडता येत नव्हतं, तो जागा झाला असता. कुजबुजतच भांडले. "माय, हे काय करून राहिलीस?"

"काय न्हाई. जरा सैल केलं."

"सैल केलं? ते काय ब्लाउज हाय का?"

"हळू बोल." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "लुंबे, तीस वर्षं झाले मला मशिनीवर. धागा लई ताणून धरला ना, टाका दिसायला सुबक येतो. पण पहिल्या धुण्यात चुण्या पडतात, न्हाई तर तुटतो. मशिनीचा स्क्रू जरासा मागं घ्यावा लागतो. कापडाला बी दम खाऊ द्यावा लागतो. माझं लेकरू काय रेक्झिन हाय का, ओढतच राहिलात दोघं?"

"रोज करतीस?"

"रोज कशाला? ज्या दिशी ताट मागं सारतो त्याच दिशी. जेवला तर हात न्हाई लावत." मंग म्हणली, "दोन्ही पाय सारखेच फिरवते हां. बाह्या म्या कधी कमी-जास्त केल्या का?"

एका उलट्या चक्करीला एक गुंडी, असा तिचा हिशेब; डबा उघडून म्या मोजल्या. पंधरा. पंधरा मिलिमीटर, मंजू. दीड सेंटिमीटर. साडेपाच फूट गेलं हातचं.

म्या म्हणलं, मी दादाला सांगणार. मायनं माझा हात धरला. "आत्ता कुठं नीट बोलायला लागला तो माझ्याशी. इस्तंबूलला जाताना मला सांगितलं न्हाई त्यानं. परत माझ्यापासून लपवायला लागला तर? नको सांगू. माझी शपथ हाय तुला."

रात्रभर एवढा विचार केला की तेवढा अभ्यास केला असता तर गोल्ड मेडल मिळालं असतं. सांगावं तर तो मायला काय बोलंल! न सांगावं तर तो इकडं दात चावून सोसून राहिलाय आन् तिकडं सगळं पाण्यात. चोरून जास्त फिरवून भरून काढावं, तर एका दिवसाला एकाच्या पुढं न्हाई, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मंग म्या काय केलं माहितीय? दादाला जेवू घालायला लागले!

खरंच. सकाळचं कॉलेज बुडवलं आन् त्याच्या समोर ताट घेऊन बसायला लागले. "दादा, एक पोळी." "भूक न्हाई." "दादा, खा म्हणते ना!" "तुला काय झालं गं?" "काय न्हाई, अर्धी तरी खा, वरण-भात खा, ठेचा देऊ का?" तो म्हणायचा, ही पोरगी येडी झाली. आन् तो घास गिळला की म्या मायकडं बघायची आन् माय मशिनीकडं. पुढचे सगळे दिवस जेवला. डब्यात सोळावी गुंडी पडली न्हाई.

पासष्टावा दिवस आला. इस्तंबूलवाल्यांनी सांगितलतं की शेवटी तुमच्याकडच्या हाडाच्या चांगल्या डॉक्टरला दाखवा. म्हणून लातूरला, मडिवाळप्पा डॉक्टरांकडं. तुमच्या उदगीरकडचेच हायत, म्हातारे, पांढऱ्या मिशा, कपाळाला भस्म. मी कॉलेजचं निमित्त करून न्हाई म्हणणार होते, पण गेलेच. गाडीत दादा गाणं गुणगुणून राहिलता. माय डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पुतळ्यावानी. काय होणार ते आम्हा दोघींना माहिती, त्याला न्हाई.

डॉक्टरांनी एक्स-रे कंप्युटरवर लावला, रेघ ओढली. "हं. पन्नास. दोन्ही पाय अगदी सारखे."

दादा हसला. "डॉक्टर, पासष्ट."

"पन्नास हाय, बाळा."

"न्हाई हो, पासष्ट दिवस झाले. कॅलेंडरवर खुणा हायत." आन् तो माझ्याकडं वळला. मंजू, त्याच्या तोंडावर तोच माईकसमोरचा चेहरा. तेच हसू, खोटं.

माय खुर्चीतून उठली. पिशवी खाली ठेवली. तिनं तोंड उघडलं. ती सांगणार होती गं. शपथ तिनंच घातली आन् तीच मोडणार होती. पण म्या बघितलं, दादा तिच्याकडं वळून राहिलता. आन् माझ्या तोंडातून निघून गेलं, "दादा, माझ्याच्यानं चुकलं."

"काय चुकलं?"

"विसरायची मी. संध्याकाळची, झोपतानाची. विसरले की दुसऱ्या दिवशी खूण करून टाकायची."

त्यानं काय बोलावं मला! डॉक्टरांसमोर. "एक काम दिलं होतं तुला. एक! मी इथं मरून राहिलो आन् तू मोबाईल बघत बसलीस?" अजून बरंच. म्या मान खाली घालून ऐकलं. माय म्हणली, "अशू, बस कर." तो म्हणला, "माय, तू मधी पडू नको, तुझी बाराची एक बी चुकली नसंल." हे ऐकून मायनं खिडकीकडं तोंड केलं.

डॉक्टरांनी त्याला बोलू दिलं. मंग त्याला टेबलावर झोपवलं, पंजा वर ढकलून बघितला, टाच बघितली. "भांडण झालं का? आता माझं ऐका. हे ढगावानी दिसतंय ना फटीत, हे नवं हाड. चांगलं भरलंय. पण पोटरी बघ तुझी. अजून दीड सेंटिमीटर गेलास तर टाच जमिनीला टेकंल का न्हाई ह्याची मी खात्री देणार न्हाई. बहिणीनं चूक केली, चूक ती चूकच, असं हयगय करायचं काम न्हाई हे. पण झालं ते तुझ्या पथ्यावर पडलं असं दिसतंय. माझं मत विचारशील तर इथं थांब. पुढं जायचंच असंल तर आणखी पंधरा दिवस फिरव. पाय तुझे हायत."

परत येताना लोह्याला गाडी थांबवली. दादा गाडीतूनच म्हणला, "चहा सांग." मंग जरा वेळानं, "भजे बी सांग." आन् खाल्ले, मंजू. सगळी प्लेट. मिरची सुद्धा. घरी आल्यावर त्यानं पाना माझ्या हातात दिला. "ठेव कुठंतरी. मला दिसंल असा ठेवू नको." आन् भिंतीकडं तोंड करून झोपला. दीड सेंटिमीटरसाठी रडला असंल, म्या विचारलं न्हाई.

पुढचं तुला माहितीच हाय. दांड्या लातूरलाच काढल्या, आतली सळई राहिली. खुर्चीवरून वॉकरवर, वॉकरवरून काठीवर. पहिल्यांदा बिनकाठीचा संडासापर्यंत गेला त्या दिवशी माय दारात उभी राहून टाळ्या वाजवून राहिलती, आन् तो आतून ओरडून राहिलता, "माय, निदान इथं तरी एकटं सोड!" माझ्याशी मात्र दोन-तीन महिने तुटकच. कोणी आलं की सांगायचा, "आमची लुंबिनी फार्मसिस्ट होणार हाय, देव करो तिच्या दुकानावर जायची पाळी कोणावर न येवो." म्या हसायची. काय करणार?

आता परवाचं ऐक, ह्याच्यासाठीच तुला सगळं सांगितलं.

परवा रविवारी मायनं दादाची जुनी निळी पॅन्ट काढली. खालची घडी उसवली. दोन इंच. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंचच की गं! दादानं घातली, बरोबर बुटावर आली. जुन्या घडीची रेघ तेवढी पांढरी दिसती, बाकी मापात. माय म्हणली, "माझ्याकडं कापड तेवढंच होतं बाबा." आन् वर नवा शर्ट दिला, तिनं शिवलेला, पांढरा. दादा आरशासमोर उभा राहिला. दोन्ही टाचा फरशीला टेकवून.

मंग त्यानं मला हाक मारली. "लुंबे, इकडं ये. तो लुधियान्याचा पोरगा आठवतो? आमच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय त्यानं. आठ सेंटिमीटर केले. अजून चवड्यावर चालतो, परत ऑपरेशन सांगितलंय." मोबाईल बाजूला ठेवला. "त्या दिवशी मी तुला लई बोललो. तू विसरलीस म्हणून मी आज टाच टेकून उभा हाय. चुकलं माझं." आन् त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुला माहितीय, आधी त्याला त्याच्यासाठी हात उचलावा लागायचा.

मागं मायची मशीन चालू होती, तिचा पाय थांबला न्हाई. खालमानेनं ऐकून राहिलती.

दादा म्हणला, "पुढच्या महिन्यात परत लातूरचा मेळावा हाय. मी जाणार. आन् माईकवरच सांगणार, पाय वाढवून घेतलेत म्हणून. ज्या पोरीला चालंल तिला चालंल. लपवून लई तकलीफ झाली. मायपासून लपवलं तेच आयुष्यात वाईट केलं म्या. आता ह्या घरात कोणी कोणापासून काय लपवायचं न्हाई." मंग मनगटाकडं बघून म्हणला, "माय, ह्या गुंड्या एकसारख्या न्हाईत गं. आन् दोन-दोन खिसे कामून लावलेस? आजकाल कोण लावतं?"

"उरलेल्या होत्या त्या लावल्या," माय म्हणली.

तव्हा म्या बघितलं. पुढं सात. मनगटाला दोन-दोन. कॉलरला दोन. खिशांना एक-एक. पंधरा, मंजू. पंधराच्या पंधरा, त्याच्या अंगावर. आन् तो आरशातून माझ्याकडं बघून हसला, खरं हसू, आन् म्हणला, "हाव ना, लुंबे? आता काय लपवायचं न्हाई ना?"

मशीन थांबली.

माय माझ्याकडं बघून राहिली, दादा माझ्याकडं बघून राहिला. एकाला शब्द द्यायचा, एकीची शपथ. माफी माझी न्हाई, उपकार बी माझे न्हाईत, जिचे हायत ती हातात कात्री धरून बसलेली. म्या "दूध उतू चाललं" म्हणून आत पळाले. दूध नव्हतंच गॅसवर.

दोन दिवस झाले, मी अजून "हाव" म्हणले न्हाई. आज संध्याकाळी घरी गेले की तो परत विचारणारच. आता बोल. लई वेळ गप बसवलं तुला. तू माझ्या जागी असतीस, तर काय केलं असतंस?